इरॅटिक : अर्थ व उपयोग

डॉक्टर कागदावर लिहीत होते. मान वर न करता
माझ्याशीच बोलले, कारण मी इंग्रजी शिकवते:
"ठोके इरॅटिक आहेत."
नायना कोपरावर उठून बसले.
"काय म्हणलं बे?"

भवानी पेठेत संध्याकाळचा वर्ग घेते मी.
विड्या वळून आलेल्या बायका, बोटांना तंबाखूचा वास,
टॉवेलच्या कारखान्यातली दोन-तीन पोरं.
विशेषण नामाच्या आधी चालतं, सांगते मी,
वरातीत घोड्याच्या पुढं बँड चालतो तसं.
हा शब्द गेल्याच महिन्यात फळ्यावर होता.
उदाहरण द्या म्हटलं तर रेणुका बोद्दूल उभी राहिली:
नळाचं पाणी, मॅडम.
चार दिवसांनी येतं, नाहीतर सहा,
कधी पहाटे तीनला,
आणि आम्ही घराला कुलूप लावलं की हमखास.
वर्ग हसला. मी दहापैकी दहा दिले.

आज त्याच शब्दाला मराठी सापडेना.

लहरी म्हणू? लहरी आमचे शेठ होते,
पगार कापायच्या दिवशी पेढे वाटायचे.
चंचल म्हणतात पोरींना, आणि लक्ष्मीला.
अनियमित हा नोटिशीतला शब्द,
खाली सही लागते.
बेभरवशाचे?
अडुसष्ट वर्षं एकही खाडा न केलेल्या छातीला
तिच्या तोंडावर हे कसं म्हणायचं?

कोशात या शब्दाखाली बारीक अक्षरांत मूळ दिलंय:
भटकणे.
इंग्रजांची चूकही त्याच घरची, सख्खी बहीण.
वाट सोडणं आणि चुकणं
एकाच पोटी घातलंय त्यांनी.
नायनांचे आजोबा सिद्दीपेठेहून पायी निघाले होते,
फणी डोक्यावर. जायचं होतं म्हणे पुण्याला.
सोलापुरात पाय सुजले म्हणून टेकले.
आम्ही सगळे त्या सुजेचे वंशज.
कोशाला विचारावं तर
तो पान संपलं की गप्प.

नायना चाळीस वर्षं जॉबर.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये अठ्ठेचाळीस माग एकदम धडधडायचे
आणि हे दारात बशीतला चहा फुंकत म्हणायचे,
सतरा नंबर बघ रे.
सतरा नंबरवर धोटा अडकलेला असायचा.
डबा घेऊन जायचे तेव्हा मला
एकच आवाज ऐकू यायचा, मोठा.
त्यांना अठ्ठेचाळीस.

"नायना, ते असं… पाण्यासारखं. नळाच्या."
"येतं की मग पाणी."
"येतं. पण कधी, ते…"

त्यांनी माझं वाक्य तसंच सोडलं
आणि दोन बोटं मनगटावर ठेवली.
डोळे मिटले.
नर्स सलाईन बदलून गेली.
शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा नातू
शेंगाचटणी सांडून मार खाऊन झाला.
मी दोनदा घड्याळ बघितलं.

"धोटा उशिरा पोचतोय," नायना म्हणाले.
"चार मार सरळ. मग खोळंबा. मग दोन घाईत."
थोडं थांबून,
"पट्टा सैल झालाय. सांग त्यांना."

हे डॉक्टरांना कोणत्या भाषेत सांगायचं
ते कुठल्या वर्गात शिकवतात?
मी पुढच्या आठवड्यात फळ्यावर लिहीन कदाचित,
शब्द, समोर बरोबरचं चिन्ह, आणि मग
खडू हातात धरून उभी राहीन.

पर्समध्ये फोन वाजला. शेजारच्या नरसव्वा:
"पाणी आलंय गं! कुठं हाय तू? कुलूप दिसतंय."
नायनांनी पलंगावरून ऐकलं.
दात नसलेलं मोठं हसले.
"जा, भरून ये. पिंप आधी भर, मग हंडे.
मी कुठं पळतोय?"

पडद्यावरची हिरवी रेघ पळाली,
थांबली,
पळाली.